पोस्टातली ठेव मोडून फोटो स्कॅन करू का?

कराडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. वडिलांनी काढलेले सुमारे 1,900 फोटो, 35 मिमीच्या 1,400 निगेटिव्ह आणि जुन्या, रुंद फिल्मच्या 120 रोलच्या 60 निगेटिव्ह पत्र्याच्या दोन डब्यांत आहेत. वडील पाटण तालुक्यात नोकरीला होते. 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपानंतर त्यांनी काढलेले फोटो त्या 60 मध्ये आहेत. लॅबने फोटोला 15 रुपये, 35 मिमीच्या फ्रेमला 30 आणि 120च्या फ्रेमला 60 रुपये दर सांगितलाय, वर 18 टक्के जीएसटी. त्या विचारतात, “दीड वर्षापूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 5 लाख ठेवलेत. ते मोडू का? की भाचा म्हणतो तसा 28,000 रुपयांचा 35 मिमीचा फिल्म स्कॅनर हप्त्यावर घेऊ?”

ताई, दोन्ही करू नका.

आधी ठेवीचं बघू. या योजनेतून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. म्हणजे तुमचे 7,500 रुपये तिथेच जातात, शिवाय 8.2 टक्क्यांचं व्याज हातचं सुटतं. लॅबचं पूर्ण बिल जीएसटीसह 87,438 रुपये होतं. एवढ्यासाठी 5 लाखांची घडी विस्कटायची नाही.

आता त्या बिलातली खरी गोम. तुमच्याकडे जितके फोटो आहेत, त्यातले बरेचसे याच निगेटिव्हवरून छापलेले असणार. लॅब एकाच क्षणाचे दोनदा पैसे घेणार आहे, एकदा कागदाचे आणि एकदा फिल्मचे. शिवाय 36 फ्रेमच्या रोलमध्ये एकाच वाढदिवसाचे सहा-सात फोटो असतात, दोन हललेले असतात, एकात कुणाचे तरी डोळे मिटलेले असतात. अशा प्रत्येक फ्रेमला 30 रुपये द्यायचं काहीच कारण नाही.

मग निवड कशी करायची? मोबाइलच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचे रंग उलटे करण्याची सोय असते, ती चालू करा. दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवर कोरं पांढरं चित्र उघडून निगेटिव्हची पट्टी त्यापुढे धरा, आणि कॅमेऱ्यातून बघा. काळे चेहरे उजळतात, माणसं ओळखू येतात. रंगीत फिल्म जरा निळसर दिसेल, पण निवडायला तेवढं पुरे. पट्टी कडेनेच धरा, बोटांचे ठसे फिल्मवर कायमचे राहतात. डबा उघडताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या पट्ट्या लगेच वेगळ्या काढा. ती फिल्म कुजायला लागलेली असते आणि शेजारच्या पट्ट्यांनाही ओढते. त्यांचा नंबर पहिला.

भाच्याचा स्कॅनर मी नाकारतोय त्याचं मुख्य कारण हप्ता नाही. 120ची फिल्म 6 सेंटिमीटर रुंद असते. 35 मिमीच्या यंत्रात ती शिरणारच नाही. म्हणजे कोयनेचे फोटो, जे या डब्यांतलं सगळ्यात मोलाचं धन आहे, तेच बाहेर राहतील. आणि दोन महिन्यांनी यंत्र कपाटावर जाईल.

म्हणून लॅबकडे फक्त कोयनेच्या 60 फ्रेम आणि 35 मिमीतल्या निवडक 100 द्या. 3,600 अधिक 3,000, जीएसटी धरून 7,788 रुपये. ठेव मोडण्याचा दंड जवळपास एवढाच होता! आधी एकच पट्टी देऊन काम बघा. 35 मिमीसाठी किमान 2,400 डीपीआय (म्हणजे स्कॅनमध्ये एका इंचात किती ठिपके, तो आकडा) मागा. पट्ट्या कापणार नाहीत असं लिहून घ्या, मोजून द्या, मोजून आणा. कुरियरने पाठवू नका, स्वतः जा.

कागदी फोटो घरीच होतात. प्रिंटर-स्कॅनर-झेरॉक्स एकत्र असलेलं काचेचं मशीन कुणा नातेवाइकाकडे असेलच. 600 डीपीआयवर पोस्टकार्ड साइजचे तीन फोटो एका वेळी मावतात. 1,900 मधून 500 निवडलेत तर दहा-बारा दुपारचं काम आहे. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो उपटू नका. दात साफ करायचा धागा पाठीमागून हळूहळू सरकवा, तरीही सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र काचेतूनच घ्यायचा, ओढला की चेहराच सोलून येतो.

500 फोटोंना साधारण 2 ते 3 जीबी लागतील, गूगलच्या फुकटच्या 15 जीबीत सहज बसतात. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक पुण्याच्या भावाकडे ठेवा. भावाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ती प्रत धरू नका, तिथे फोटो दाबून लहान होतो. डिस्क, पेनड्राइव्ह आणि निगेटिव्हसाठी चांगली पाकिटं मिळून साडेसहा हजार धरा. एकूण खर्च साधारण 14,300. तुमच्या ठेवीचं दर तिमाहीला 10,250 रुपये व्याज येतं आणि पेन्शनमुळे ते बचत खात्यात पडून राहतं, असं तुम्हीच लिहिलंय. या तिमाहीत लॅब, पुढच्या तिमाहीत बाकीचं. भावाकडे निम्मी वर्गणी मागा. वडील दोघांचे आहेत, मागायला संकोच कशाला?

स्कॅनिंगला मात्र याच क्रमाने लागू नका. पाटणला तुमची 84 वर्षांची मावशी आहे, तिला कोयनेच्या वेळचे चेहरे ओळखू येतात, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. माझ्या मते पहिला खर्च एसटीच्या तिकिटाचा. छापलेले फोटो घेऊन या रविवारीच जा, ती सांगेल ती नावं, गाव, साल फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. निगेटिव्हचे फोटो लॅबमधून आले की पुन्हा एकदा जा.