लूकचा अपमान झाला असं मला वाटत नाही

तुम्ही विचारलंय की स्टार वॉर्सच्या जुन्या चाहत्यांना ‘द लास्ट जेडाय’ पटला का. तुम्ही सगळे भाग पहिल्यांदाच क्रमाने बघताय आणि मित्र सांगतायत की या भागात जुन्या भागांचा नायक लूकची पार वाट लावली आहे.

मला पटला. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’नंतर मला सगळ्यात जवळचा भाग हाच. पुढे बरंच कथानक उघड होणार आहे, तेव्हा अजून बघितला नसेल तर आधी बघून या.

मूळ तिन्ही भाग मी शाळेत असताना आतेभावाच्या घरी, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर बघितले. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं. पण काकांच्या शेतावर अडकून पडलेला एक पोरगा मावळणाऱ्या दोन सूर्यांकडे बघत उभा आहे, हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय? तेव्हापासून लूक माझा. म्हणून २०१७ च्या डिसेंबरात, त्याला शोधत आलेल्या रेय या तरुणीने एवढ्या आशेने पुढे केलेलं लाइटसेबर (प्रकाशाच्या पात्याची तलवार) त्याने खांद्यावरून मागे भिरकावून दिलं, तेव्हा मलाही थोबाडीत बसल्यासारखं झालं. थिएटरात बरेच जण हसले. मला हसू आलं नाही.

मित्रांचा मुख्य आक्षेप बहुतेक हा असेल: ज्याने डार्थ व्हेडरसारख्या बापातही चांगुलपणा शोधला, तो झोपलेल्या भाच्यावर, बेनवर, शस्त्र उपसेल का? आक्षेप फालतू नाही. खुद्द मार्क हॅमिलला दिग्दर्शक रायन जॉन्सनने लिहिलेला लूक सुरुवातीला पटला नव्हता आणि ते त्याने उघडपणे बोलून दाखवलं. असं जाहीर बोलायला नको होतं, हेही नंतर त्यानेच सांगितलं.

पण १९८३ चा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ पुन्हा लावून बघा. शेवटच्या झुंजीत लूक अंधारात लपलाय, लढायला तयार नाही. व्हेडर बहिणीचा विषय काढतो, तू नाही तर तिला आमच्या बाजूला ओढू म्हणतो, आणि लूकचं डोकं फिरतं. तो बापावर वारावर वार करत सुटतो. व्हेडरचा हात तुटून पडतो, तेव्हा कुठे थांबतो. मग त्या तुटलेल्या यांत्रिक हाताकडे बघतो, काळा मोजा घातलेल्या स्वतःच्या यांत्रिक हाताकडे बघतो आणि लाइटसेबर फेकून देतो. आपल्या माणसांवर बेतलं की याचा तोल जातो, हे आपण तेव्हाच बघितलंय. बेनच्या झोपडीत तेच घडतं. क्षणभर भडका आणि लगेच शरम. व्हेडरच्या वेळी सावरायला वेळ मिळाला होता. इथे पोरगं जागं झालं, आणि त्याला दिसलं ते फक्त मामाच्या हातातलं पेटलेलं लाइटसेबर.

त्या एका क्षणापायी हा माणूस बेटावर जाऊन बसला, हे मला अगदी खरं वाटतं. (बेट म्हणजे आयर्लंडजवळचं स्केलिग मायकेल, जुन्या ख्रिस्ती मठाच्या दगडी झोपड्यांचं. ‘खेळणी विकायला आणले’ म्हणून ज्या पॉर्गवर, म्हणजे पिक्चरमधल्या गुबगुबीत पक्ष्यांवर, टीका झाली, ते सुचले तिथल्या पफिन पक्ष्यांमुळे. तिथे पफिन इतके की चित्रीकरणातून ते टाळता येईनात.)

आता क्रेटबद्दल, म्हणजे शेवटची झुंज होते त्या ग्रहाबद्दल. वर मिठाचा पांढरा थर आणि खाली लाल माती. कुणाचाही पाय पडला की लाल ओरखडा उमटतो. कायलो रेन, म्हणजे तोच भाचा बेन, लूकसमोर येतो, त्याच्या प्रत्येक पावलाखाली जमीन लाल होते. लूकच्या पायाखाली काहीच उमटत नाही, कारण तो तिथे नसतोच, बेटावर बसून त्याने नुसती स्वतःची प्रतिमा पाठवलेली असते. पहिल्यांदा बघताना माझ्या हे अजिबात लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांदा बघताना दिसलं आणि अंगावर काटा आला. दाढी काळी, केस कापलेले आणि हातात तेच निळं लाइटसेबर, जे थोड्या वेळापूर्वीच आपल्यासमोर दुभंगलेलं असतं. सगळं समोर मांडून ठेवलेलं असतं, तरी आपण कायलोसारखेच फसतो. त्या अख्ख्या झुंजीत लूक एकही वार करत नाही. नुसता चुकवत राहतो, तेवढ्यात बाकीचे निसटतात. हत्यार फेकून देणारा १९८३ चा लूक तो हाच.

त्याच्या आधी तो बहिणीला, लेयाला, भेटतो, तिच्या कपाळावर ओठ टेकवतो. लेया साकारणारी कॅरी फिशर २७ डिसेंबर २०१६ रोजी गेली, पिक्चर त्यानंतर वर्षभराने आला. त्यात आर्टू या रोबोने बेटावर लूकला लेयाचा १९७७ च्या पहिल्या पिक्चरमधला निळसर संदेश पुन्हा दाखवलेला असतो. ते चित्रित झालं तेव्हा ती १९ वर्षांची होती. ती पोरगी आणि ही थकलेली सेनापती, दोघी एकाच पिक्चरमध्ये. मला थिएटरात रडू आवरलं नाही.

खटकलं ते कॅन्टो बाइट. जुगाराच्या त्या शहरातला भाग लांबलाय, आणि ऐन पाठलागाची घाई तिथे ढिली पडते. पण त्याचा राग काढत लोकांनी त्या भागातल्या रोझचं काम करणाऱ्या ‘केली मेरी ट्रॅन’ या नटीला समाजमाध्यमांवर इतकं छळलं की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. पिक्चर आवडला नाही म्हणून नटीला छळणाऱ्यांना मी चाहते म्हणत नाही.

रेयचे आईबाप कुणी बडे नव्हते, साधीच माणसं होती, हा यातला खुलासा मला फार आवडला होता. २०१९ च्या पुढच्या भागाने तो फिरवला, याचं वाईट अजून वाटतं.

तुम्ही क्रमानेच बघताय, तर एक करा. ‘द लास्ट जेडाय’ लावायच्या आदल्या रात्री ‘रिटर्न ऑफ द जेडाय’चा शेवटचा अर्धा तास परत बघा. मग मित्रांशी वाद घालायला बसा.