पैलवान गावोगावी का फिरत?

प्रश्न : जुने अमेरिकन व्यावसायिक कुस्तीगीर एका कंपनीत फार काळ टिकत नसत. हे अपयश समजायचं का? – एक वाचक, कराड

उत्तर : मुळीच नाही. तेव्हा कंपन्यांनी प्रदेश वाटून घेतले होते, टीव्हीही स्थानिक. तेच तोंड पाहून प्रेक्षक कंटाळले की पैलवान ‘हरणाऱ्याने गाव सोडायचं’ अशी लढत हरून पुढच्या प्रदेशात नव्याने उभा राहायचा.

माझा लाडका रिक फ्लेअर घ्या. मिनेसोटात कुस्ती कंपनी चालवणाऱ्या व्हर्न गान्याच्या तालमीत तयार होऊन 1972 मध्ये तो त्याच्याच कंपनीकडून आखाड्यात उतरला. 1974 मध्ये जिम क्रॉकेटच्या कंपनीत कॅरोलिनात गेला आणि खरा घडला तिथेच. ऑक्टोबर 1975 मध्ये विल्मिंग्टनजवळ त्याचं छोटं विमान कोसळलं, पाठीचा कणा मोडला. पुन्हा कुस्ती नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गडी काही महिन्यांत परतला!

1981 मध्ये कॅन्सस सिटीत डस्टी ऱ्होड्सला हरवून तो एनडब्ल्यूएचा, म्हणजे या प्रादेशिक कंपन्यांच्या संघाचा, जगज्जेता झाला आणि खरी वणवण तेव्हा सुरू झाली. जगज्जेतेपदाचा पट्टा घेऊन प्रत्येक प्रदेशात जायचं, तिथल्या लाडक्या पैलवानाशी कधी कधी पूर्ण तासभर लढायचं. आपला पैलवान आता जिंकतोच, असं तिथल्या लोकांना वाटलं पाहिजे, आणि पट्टा मात्र फ्लेअरच्याच कमरेला राहिला पाहिजे. निकाल आधी ठरलेला असला तरी तासभराचा दमसास खोटा नसतो. त्याच्या त्या लढती जरूर पाहा. समोरच्याला मोठं करण्यात त्याचा हात धरणारा मला तरी दिसलेला नाही.