दहा स्टॉपचा फिल्टर राहू द्या पिशवीत, आधी लाटा मोजा

तुमचे तिन्ही फोटो नीट पाहिले. प्रश्न थोडक्यात असा दिसतो: सूर्य बुडाल्यावर दहाएक मिनिटांनी दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड अडवणारी काळी काच, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावून सव्वाचार मिनिटांची एक्स्पोजरं घेतली. हिशेब बरोबर होता, तरी घरी येऊन पाहता फोटो काळे. शिवाय समुद्राच्या जागी नुसता दुधट धूर. आणि आता पंधरा स्टॉपचा फिल्टर घेतला तर काम होईल का?

नका घेऊ. निदान संध्याकाळसाठी तरी नका. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी काळेपणाचं बघू. तुमचा हिशेब चुकलेला नाही. फिल्टरशिवाय एफ/११ ला (हे अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप) पाव सेकंद, दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट, म्हणून २५६ सेकंद. गुणाकार अगदी बरोबर. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की सव्वाचार मिनिटं उजेड जागच्या जागी थांबून राहील. दुपारी तो थांबतो, तिन्हीसांजेला नाही. सूर्य टेकल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंशांवर जाईपर्यंत जमिनीवरचा उजेड साधारण ४०० लक्सवरून साडेतीन लक्सच्या खाली येतो. म्हणजे जवळपास सात स्टॉप. सूर्य जिथे सरळ खाली उतरतो तिथे एवढं सगळं वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. म्हणजे दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा. ध्रुवांकडे सरकाल तसा सूर्य तिरका उतरतो आणि सवड जास्त मिळते, पण चाल तीच.

आता साडेतीन मिनिटांना निम्मा असं धरून तुमचा फोटो पुन्हा मांडा. २५६ सेकंदांत तुम्हाला सुरुवातीच्या उजेडाचे जेमतेम १७३ सेकंदच मिळाले. अर्ध्या स्टॉपहून जास्त तूट. ती भरून काढायला शटर किती वेळ उघडं ठेवावं लागलं असतं? साडेनऊ मिनिटांच्या आसपास! आणि याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. अशा उतरत्या उजेडात तुम्ही मध्यरात्रीपर्यंत शटर उघडं ठेवलंत तरी सगळा मिळून साठा सुरुवातीच्या उजेडाच्या पाचेक मिनिटांएवढाच होतो. म्हणजे फिल्टर धरून केलेला हिशेब पाच मिनिटांच्या पुढे गेला, तर तो फोटो त्या संध्याकाळी होणारच नाही. पंधरा स्टॉपला तुमचा तोच पाव सेकंद ८१९२ सेकंद होतो. सव्वादोन तास. तोवर वर तारे आलेले असतील आणि त्यांच्याही रेघा उमटतील.

दहा आणि पंधरा स्टॉपचे फिल्टर हे भर उन्हासाठी आहेत. एवढं लक्षात ठेवलंत तरी खर्च वाचला.

काळेपणाचं दुसरं कारण मात्र तुमच्या डोळ्यांत आहे. अंधारात अर्धा तास उभं राहिलं की डोळे अंधाराला सरावतात आणि कॅमेऱ्याचा पडदा दिव्यासारखा भासतो. काळा फोटोही त्यावर उजळ वाटतो. मी स्वतः कितीतरी संध्याकाळी 'वा, मिळाला' म्हणत घरी आलोय आणि संगणकावर बघून कपाळाला हात लावलाय. पडद्याची चमक हाताने कमी करून ठेवा, आपोआपवर नको. आणि फोटो न बघता हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला दिसला तर फोटो काळा आहे, डोळे काहीही म्हणोत.

आता मुख्य मुद्दा. धूर.

लाँग एक्स्पोजर म्हटलं की लोक आधी फिल्टर ठरवतात, फिल्टरवरून शटर, म्हणजे तो उघडा ठेवायचा वेळ, निघतो आणि समुद्राचं जे व्हायचं ते होतं. उलटं करा. शटर लाटेवरून ठरवा आणि तो शटर मिळवायला जे लागेल ते लावा. कधी फिल्टर, कधी नुसतं अ‍ॅपर्चर, कधी काहीच नाही, फक्त पंधरा मिनिटं थांबायचं.

लाटेवरून म्हणजे कसं? किनाऱ्यावर पोचलात की कॅमेरा बाहेर काढायच्या आधी घड्याळ लावा. एकाच खडकावर लागोपाठ दहा लाटा येऊन आपटायला किती वेळ लागतो ते मोजा आणि दहाने भागा. जवळपासच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा असतील तर चार ते आठ सेकंदांचं अंतर मिळेल. दूरच्या वादळातून निघून आलेल्या, लांब पल्ल्याच्या लाटा असतील तर दहा ते पंधरा, कधी त्याहूनही जास्त. ही एक संख्या मिळाली की बाकीचं गणित सोपं आहे. लाटांमधल्या अंतराच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढा शटर ठेवलात तर लाटेचा आकार शाबूत राहतो, फक्त कडा मऊ होतात. पाव भाग ते अर्धा भाग ठेवलात तर पाण्याची चाल दिसते, कुठून आलं आणि कुठे निघालंय ते कळतं. एक पूर्ण लाट आत घेतलीत की जाणं-येणं एकमेकांवर चढतं आणि चित्र गढूळ होतं. हा टप्पा मला सगळ्यात कमी आवडतो, ना धड लाट ना धड धुकं. आणि वीस-तीस लाटा आत घेतल्यात की तुमचा धूर. कारण तेव्हा तुम्ही लाटेचा फोटो काढतच नाही, पाण्याच्या सरासरीचा काढता.

तुमच्या फोटोंत पुढे खडक आहेत, त्यांच्यामधून पाणी आत घुसतंय. अशा जागेचा सगळा जीव परतीच्या पाण्यात असतो. गुडघ्याएवढ्या, अर्ध्या मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास धावते. परतीचं पाणी त्याहून सावकाश, खडकांना वळसे घालत जातं. अर्धा ते दीड सेकंद शटर ठेवलात तर फेसाचे धागे ओढल्यासारखे उमटतात आणि ते धागे नजरेला आपोआप आत नेतात. लाट फुटताना बटण दाबू नका, तेव्हा नुसता पांढरा ढिगारा येतो. ती वर चढून क्षणभर थबकते आणि मागे फिरते, त्या फिरण्याच्या क्षणी दाबा. दोन सेकंदांचा टायमर लावून हे जमत नाही, म्हणून केबल किंवा रिमोट हवाच. आणि फेस नसेल तर धागे नाहीत! शांत, फेस नसलेल्या पाण्यात सेकंदभराचा शटर काहीच देत नाही. तिथे सरळ लांब जा.

लांब एक्स्पोजरला माझा विरोध नाही, गैरसमज नको. पाण्यात उभे लाकडी खांब, एकटा खडक, जुना धक्का असं काही घट्ट, न हलणारं असेल तर त्याच्याभोवती धुकं छान दिसतं, कारण हलणारं आणि न हलणारं यांची जुगलबंदी होते. मायकेल केन्ना या छायाचित्रकाराने रात्री फिल्म तासन्‌तास उघडी ठेवून असे फोटो काढलेत. पण ते रात्री. तोवर उजेड उतरायचा तेवढा उतरून स्थिर झालेला असतो. नांगरलेली होडी मात्र असल्या फोटोत घेऊ नका. ती डुलते आणि भुतासारखी दुहेरी येते.

मग संध्याकाळी फिल्टर कोणता? माझ्याकडे तीन स्टॉपचा आणि सहा स्टॉपचा असे दोन आहेत, आणि नव्वद टक्के काम तीनवालाच करतो. सूर्य टेकताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ ला आकाश धरून साधारण १/३० येतो. तीन स्टॉपने त्याचा पाव सेकंद होतो, सहाने दोन सेकंद. पुढे उजेड उतरत जाईल तसा सहाचा काढून तीनचा लावायचा, मग तोही काढायचा. संधिप्रकाशाच्या शेवटाला फिल्टरशिवायच एफ/८ ला चारेक, एफ/१६ ला पंधरा-वीस सेकंद मिळतात. म्हणजे तुम्हाला हवा तो कुठलाही शटर त्या अर्ध्या तासात कधी ना कधी आपसूक येतो. फिरवून कमीजास्त होणारे एनडी वाइड लेन्सवर वापरू नका. आत दोन पोलरायझर असतात, टोकाला नेलं की आकाशात काळी फुली उमटते. आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या पुढे दाबून शटर लांबवायचा मोह टाळा, डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळंच मऊ पडतं.

आकाश आणि पाणी यांच्या उजेडात तोवर दोन-तीन स्टॉपचा फरक पडलेला असतो. हे दुखणं जुनं आहे. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढताना कधी आकाशाची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून छापायचा. (आणि गंमत बघा, त्याची सगळी धडपड लाट थांबवण्यासाठी होती, आपण पैसे खर्चून ती पुसतोय.) समुद्राचं क्षितिज सरळ असल्यामुळे अर्धा काळा ग्रॅज्युएटेड फिल्टर इथे बेमालूम बसतो. नाहीतर त्याच जागेवरून दोन एक्स्पोजरं घेऊन घरी जोडा.

फिल्टर न घेता गुळगुळीत पाणी हवं असेल तर दोन-दोन सेकंदांचे सोळा फोटो लागोपाठ घ्या आणि संगणकावर त्यांची सरासरी काढा. पाणी बत्तीस सेकंदांसारखं दिसतं आणि नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) पाव होतो. शिवाय एखाद्या फोटोत कुणी टॉर्च घेऊन आलंच तर तेवढा एक टाकून देता येतो.

कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. ती चालू असली की दोन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं शटर मिटून काळा फोटो घेत बसतो, आणि तेवढ्यात तुमचा उजेड अर्ध्या स्टॉपने गेलेला असतो. निघताना लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो स्वतः घेतलात की घरी तोच वजा करता येतो. फोकस फिल्टर लावायच्या आधी, मग मॅन्युअलवर. स्टॅबिलायझेशन बंद. आरशाचा कॅमेरा असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, मागून उजेड शिरतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका. सूर्य गेल्यावरचा तो गडद निळा रंग बराचसा ओझोनची कमाई आहे. तिरक्या वाटेने येणाऱ्या प्रकाशातला पिवळा-केशरी भाग ओझोन गिळतो, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्टने १९५३ साली दाखवून दिलं. ऑटोला वाटतं की ही काहीतरी चूक आहे आणि तो निळा धुऊन काढतो. मी सरळ ५००० केल्विनवर ठेवतो आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढतो. तुमच्या तिसऱ्या फोटोतला तांबूस मळकट रंग आकाशाचा नाही, दहा स्टॉपच्या फिल्टरचा असावा. बरेच गडद फिल्टर इन्फ्रारेड नीट अडवत नाहीत.

आणि ट्रायपॉड. तुमचा पहिला फोटो हलला आहे तो वाऱ्याने नाही, वाळूने. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, ट्रायपॉडच्या पायाखालचीही. एकदा माझं चार मिनिटांचं एक्स्पोजर चालू असताना तिसऱ्या मिनिटाला एक पाय चार बोटं खाली गेला. क्षितिज दोन झाली, आणि मी कॅमेरा धरायला धावलो म्हणून निदान तो तरी वाचला. ओल्या वाळूत पाय हाताने दाबून, हलवून, आणखी दाबून रोवा. एक लाट वरून जाऊ द्या, पुन्हा दाबा, मगच फोटो. मधला दांडा वर काढू नका. घरी गेल्यावर सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने वर्षभरात ते घट्ट बसतात. फिल्टरवर खारे तुषार दर पाच मिनिटांनी बघा. काच आधी फुंकून मग पुसा, वाळूचा कण घासला गेला तर फिल्टर संपला.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. काल ज्या खडकावर निवांत उभे होतात तो परवा त्याच वेळेला वेगळा असतो. पाणी सगळ्यात वेगाने चढतं ते भरतीच्या मधल्या दोन तासांत, एकूण चढाच्या जवळपास निम्मं तेवढ्यात. उधाणाच्या दिवसांत तर परतीची वाट आधी बघून ठेवा. मी उतरत्या पाण्यातच जातो. खडक ओले मिळतात, वाळूत आकाश दिसतं, आणि मागची वाट बंद होत नाही.

पुढच्या वेळी फक्त तीन स्टॉपचा घेऊन जा, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. पाव सेकंद, अर्धा, एक, दोन, असे एकाच खडकाचे फोटो घ्या आणि इथे टाका. त्या दिवशी लाटांमध्ये किती सेकंदांचं अंतर होतं तेही लिहा, त्याशिवाय नुसते फोटो बघून मला काही सांगता येणार नाही.