पिशवी सासूबाईंच्या हातानं भर

«ताई, मला आठवा सरत आलाय, पहिलंच बाळंतपण आहे. मालक ऊसतोडीला कोयत्यावर कोल्हापूरकडं गेलेत, घरी मी आणि सासूबाई दोघीच. माझी आई नाही. आशाताई म्हणतात दवाखान्याची पिशवी भरून ठेव, पण सासूबाई हात लावू देत नाहीत. लेकरू यायच्या आधी कपडे काढले की वाईट होतं म्हणतात. मोठ्या जाऊबाईंचं पहिलं लेकरू गेलं, तेव्हा सगळी तयारी आधीच केली होती. रात्री-अपरात्री पोटात दुखायला लागलं तर मी काय करू? काय काय न्यायचं तेही कळत नाही.»
— एक वाचक, केज तालुका, जि. बीड

पोरी,

आधी सासूबाईंचं बोलू. ज्या घरातून एक लेकरू गेलंय, त्या घरातल्या बाईला दुपटं दिसलं तरी धस्स होतं. त्या तुला अडवत नाहीत, घाबरल्यात. कपड्यांमुळं लेकरू गेलं नाही हे त्यांना आत कुठंतरी ठाऊक असणार, पण ते तुझ्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नसेल. म्हणून शकुन-अपशकुनाचा वाद घालू नकोस. एवढंच म्हण, «आत्याबाई, लेकराचं राहू द्या, आपण माझी पिशवी भरू.» बाळंतिणीच्या पिशवीला त्यांचीही हरकत नसेल.

लेकरासाठी नवं काही विकत आणूच नकोस. आपल्याकडं तसंही पहिलं झबलं वापरलेलंच घालतात, सुखरूप वाढलेल्या लेकराच्या अंगावरचं. सासूबाईंकडं त्यांचं एखादं जुनं सुती लुगडं माग आणि त्याची दुपटी, लंगोट त्यांनाच फाडू दे. धुऊन कडक उन्हात वाळवा आणि ते गाठोडं त्यांच्याच पेटीत राहू दे. पेटी कुठली आणि किल्ली कुठं, एवढं तुला ठाऊक असलं म्हणजे झालं. चार-पाच झबली, दोन टोपडी, पायमोजे आणि लंगोट जरा जास्तच, बस. माघ-फाल्गुनात आपल्याकडं पहाटेचा गारवा असतो, म्हणून एक जाड दुपटं वेगळं ठेवा.

आता कागद. माझ्या मते कपड्यांपेक्षा जास्त काळजी याची घे, कारण कपडा कुणीही देईल, कागद कुणी देणार नाही. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट, तुझं आधार, राशनकार्ड, तुझ्या स्वतःच्या खात्याचं पासबुक. प्रत्येकाची झेरॉक्स. मालकांचं आधार त्यांच्याजवळ फडावर असेल, तर आजच फोटो पाठवायला सांग आणि झेरॉक्स काढून घे. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असं असेल तर आत्ताच आशाताईंना दाखव. योजनेचे पैसे याच फरकापायी अडकतात. हे सगळं लाल किंवा पिवळ्या, लांबून ओळखू येणाऱ्या पिशवीत वेगळं ठेव. सासूबाईंना वाचता येत नसलं तरी «ती लाल पिशवी द्या» म्हटल्यावर त्या बरोबर काढून देतील.

तुझ्यासाठी समोरून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन घे, पाजायला सोपं जातं. सैल निकर, मोठे पॅड (ते कमी पडतात, दोन पाकिटं घे), टॉवेल, स्कार्फ, रबरी चप्पल, साबण, ब्रश, कंगवा. ताट, तांब्या, पेला, थर्मास. सासूबाईंना अंथरायला एक वाकळ, कारण सोबतच्या बाईला बऱ्याच ठिकाणी खालीच झोपावं लागतं. मोबाईलचा चार्जर विसरू नकोस. सोनं घरी ठेव. नखांना रंग असेल तर काढून टाक, बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघतात, तेव्हा त्याची अडचण होते.

पिशवीत मध, गुटी, काजळ, दुधाची बाटली यांतलं काहीही नको. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात लेकराला छातीशी घे आणि पाज. येणारा पिवळसर घट्ट चीक हेच त्याचं पहिलं अन्न. पहिले सहा महिने वरचं पाणीसुद्धा द्यायचं नाही. अंघोळीचीही घाई नको, पहिला दिवस जाऊ दे.

पैशांची धास्ती घेतली असशील तर ऐक. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सगळं मोफत मिळतं. साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत जेवणही मिळतं. न्यायला-आणायला गाडीही त्यातच येते. सासूबाईंच्या चहापाण्यापुरते पैसे जवळ असू दे.

आणि रात्रीचं. १०२ नंबर गरोदर बाईसाठी आहे, जीवावर बेतलं तर १०८. दोन्ही नंबर आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेव. फोन कसा लावायचा ते सासूबाईंकडून एकदा करवून घे. गल्लीतल्या एका जीपवाल्याला किंवा रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेव, गाडीला उशीर झाला तर तो हवा. तुझं केजला जायचं ठरलंय की अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला, हे आशाताई आणि डॉक्टरांशी बोलून आत्ताच पक्कं कर. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा बीपी वाढत असेल तर थेट अंबाजोगाईच विचार.

अंगावरून पाणी गेलं, रक्त गेलं, लेकराची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही. तेव्हा पिशवीही शोधत बसू नका, लाल पिशवी तेवढी उचला आणि निघा. बाकीचं मागून कुणीही आणून देईल.

मालकांना दुपारी फोन करशील तेव्हा नवव्यात परत यायचं मुकादमाशी आत्ताच बोलून ठेवायला सांग. ऐनवेळी सुट्टी मिळत नाही.