कांद्याच्या कळीत अर्धसूत्री विभाजन का दिसत नाही?

बडोद्यात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं, दोन टप्प्यांचं पेशीविभाजन) दिसत नाही, स्लाइडवर नुसते परागकणच येतात, असा प्रश्न आहे. कारण सरळ आहे: कळी जून घेतली. उमलायला आलेल्या फुलात विभाजन केव्हाच उरकलेलं असतं. एकाच गोंड्यात लहानमोठ्या कळ्या असतात; त्यातल्या हिरव्या, घट्ट मिटलेल्या, बारीक निवडा. सकाळी तोडून लगेच ३ भाग अल्कोहोल आणि १ भाग ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात २४ तास ठेवा. मग एकच परागकोश (परागकण जिथे तयार होतात ती पिशवी) ॲसिटोकार्माइन या गुणसूत्रं रंगवणाऱ्या लाल रंगाच्या थेंबात फोडा, सालपटं उचलून टाका, स्लाइड किंचित गरम करा आणि कव्हरस्लिप सरळ दाबा. ती सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

आता नीट पाहा. १६ गुणसूत्रांच्या ८ जोड्या, काही फुलीसारख्या अडकलेल्या. त्या फुलीपाशीच जोडीतल्या गुणसूत्रांनी तुकडे बदललेले असतात. याहून सुंदर दृश्य या प्रॅक्टिकलमध्ये नाही! पुढे प्रत्येक जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठल्या बाजूला जातं हे स्वतंत्रपणे ठरतं, म्हणून तुकड्यांची अदलाबदल न धरताही गुणसूत्रांच्या वाटणीचे २५६ प्रकार होतात. माणसाच्या २३ जोड्यांतून ८३ लाखांहून जास्त. दुसऱ्या विभाजनानंतर पेशी चार.

मुळाचं टोक घेऊ नका, तिथे सूत्री विभाजनच (गुणसूत्रांची संख्या तीच ठेवणारं साधं विभाजन) मिळेल.