गेल्या वर्षीचा बैल कसा आहे?

‘मॅडम, वस्तू चांगली बनते, पण विकता येत नाही. जाहिरात कशी करायची ते शिकवा.’ हाताने काही घडवून घरून धंदा करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकींचं पहिलं वाक्य हेच असतं.

नागपुरातल्या महाल भागातली एक ताई दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात आली, तिचंही हेच. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) ती तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवते. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी फिरवतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासूनची रीत. म्हणजे हिचा सगळा धंदा एका दिवसावर टांगलेला. तो दिवस उलटला की उरलेल्या बैलाकडे कोणी बघत नाही.

तिने एक बैल सोबत आणला होता, वीतभर उंचीचा. डोळ्यांची काजळरेघ इतकी बारीक की मी विचारलं, कोणत्या ब्रशने काढली? ‘शून्य नंबरच्या. त्याचेही अर्धे केस कापून टाकते.’ हे सांगताना मान ताठ होती. मग मी किंमत विचारली. मान खाली गेली. ‘नऊशे... पण तुम्ही काय द्याल ते द्या ना जी.’

मी भाव केलाच नव्हता!

तरीही त्या दिवशी मी चुकीचा सल्ला दिला. रोज इन्स्टाग्रामवर एक फोटो आणि जमलं तर रील टाका, म्हटलं. हे सांगायला सोपं असतं, म्हणून आम्ही सगळेच सांगतो. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा डोळे लाल. ‘लाइक येऊन राहिले मॅडम, पण पुण्या-मुंबईचे. तिकडे तान्हा पोळा कुठे असतो? रात्री बारा-बारापर्यंत प्राइस-प्राइस विचारतात, उत्तर दिलं की गायब. आणि दोन ऑर्डरी तशाच पडून आहेत.’

मग आम्ही कागद-पेन घेतलं. सुताराला ३५०, रंग नि प्रायमरला १३०, झूल, बेगड, घुंगरं मिळून ९०. झाले ५७०. ‘म्हणजे ३३० सुटतात,’ ती म्हणाली. वेळ किती लागतो? तो तिने कधी मोजलाच नव्हता. पुढचा बैल घड्याळ लावून केला. पॉलिशपेपर मारण्यापासून घुंगरमाळ बांधेपर्यंत हात चालले सहा तास. तासाला ५५ रुपये. आणि समोरच्याने मागितलं नसताना तिनेच शंभर कमी केले की ३८. ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मीही बोलले नाही. या कामात गप्प बसणं जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पुढच्या भेटीत मी विचारलं, आतापर्यंत बैल नेले कोणी? तिने मुलीची जुनी शाळेची वही काढली. ‘गुड्डूची आई, लाल झूल.’ ‘गोकुळपेठवाले काका, काळा बैल, शिंगं सोनेरी.’ एकसष्ट नंबर! गिऱ्हाईक वहीत होतं आणि ही शोधत होती फोनमध्ये.

‘यांना फोन केला कधी?’

‘काहून करू? भीक मागितल्यासारखं वाटते.’

खरी गाठ इथे होती. आम्ही सराव केला, मी गोकुळपेठवाले काका झाले. पहिल्यांदा तिला ‘यंदा बैल घेता का’च्या पुढे जाता येईना. तिसऱ्या खेपेला तिलाच सुचलं: ‘काका, गेल्या वर्षीचा बैल कसा आहे? शिंग-चाक तुटलं असेल तर आणून द्या, रंगवून देते.’ हे म्हणताना आवाज बदलला, कारण यात मागणं नव्हतं, आपल्या वस्तूची विचारपूस होती. लगेच शंकाही आली, ‘जुनाच रंगवून दिला तर नवा कोण घेईन?’ मी म्हटलं, करून पाहा. जुने बैल घेऊन लोक आलेच, रंगवायचे पैसे देऊन गेले, आणि काहींनी धाकट्यासाठी किंवा भाच्यासाठी नवाही सांगितला. भाव ११५० ठेवला होता. दोन-तीन जण परत गेले. ती रडली नाही.

बाकीची घडी पटापट बसली. व्हॉट्सॲप बिझनेसवर फोटो-किमतीचा कॅटलॉग, म्हणजे ‘प्राइस?’ला दरवेळी टाइप करणं नको. एक बारकी गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते: ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, मेसेज आपला नंबर ज्यांनी सेव्ह केला असेल त्यांनाच पोचतो. म्हणून बैल हातात देतानाच सांगायचं, माझा नंबर सेव्ह करा. मेसेज बघायचे दुपारी जेवणानंतर आणि रात्री आठला, बाकी वेळ फोन मुलीकडे. पावसाळ्यात रंग वाळायला दुप्पट वेळ घेतो, तेव्हा पोळ्यापासून उलटं मोजून पंधरा दिवस आधी ऑर्डर बंद. निम्मे पैसे आगाऊ.

मधे तिच्या नवऱ्याने पीएम विश्वकर्माच्या कर्जाचं काढलं. २०२३ साली सुरू झालेली ही योजना, त्यातल्या १८ व्यवसायांत खेळणी बनवणारेही येतात, पहिलं कर्ज ५ टक्क्यांनी एक लाखापर्यंत. योजना चांगली आहे. पण तासाला ३८ रुपयांवर चालणाऱ्या धंद्यात लाख रुपये घातले तर तोटा मोठा होतो, एवढंच. मी म्हटलं, एक पोळा जाऊ द्या.

यंदा माझ्या पुतण्यासाठी मीच फोन केला. पोळा दहा दिवसांवर होता.

‘मॅडम, तारीख गेली ना जी.’

अगं, माझ्यासाठीसुद्धा?

‘तुमचं नाव पुढच्या वर्षीच्या पानावर पहिलं लिहून ठेवते.’

शेवटी रस्त्याकडेच्या एका दुकानातून बैल आणला. पहिल्या घरचा बोजारा मिळायच्या आधीच त्याचं चाक निघालं.