नेवाड्याच्या तोट्यातल्या खाणी: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील नेवाडा या वाळवंटी राज्यातल्या चांदी-सोन्याच्या खाणींच्या आर्थिक इतिहासाविषयी आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: व्हर्जिनिया सिटीच्या कॉमस्टॉक शिरेवरील (म्हणजे खडकातल्या चांदी-सोन्याच्या पट्ट्यावरील) बहुतेक कंपन्यांनी भागधारकांना फारसे काही दिले नाही, असे वाचले. मग त्या इतकी वर्षे चालल्या कशाच्या बळावर?

उत्तर: भागधारकांच्याच पैशाच्या बळावर. 1859 मध्ये ही शिरा सापडली आणि 1862 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खाणींच्या भागांच्या खरेदी-विक्रीसाठी बाजार उभा राहिला. या कंपन्यांना ‘असेसमेंट’ बसवण्याची मुभा होती. म्हणजे खाणीतून एक पैसा निघत नसला, तरी संचालक दर भागामागे ठरावीक रक्कम मागत आणि मुदतीत ती न भरणाऱ्याचे भाग लिलावात विकून टाकत. आधी घातलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुन्हा पैसे भरत राही. त्याची आशा अगदीच निराधार होती, असेही म्हणता येत नाही. क्राउन पॉइंट या खाणीचा भाग 1870 च्या अखेरीस दोन-तीन डॉलरला मिळत होता. पुढे खोलवर समृद्ध साठा लागला आणि मे 1872 मध्ये त्याच भागाचा भाव 1,800 डॉलरच्या वर गेला. मात्र ही बातमी बाहेर फुटण्यापूर्वीच खाणीचा व्यवस्थापक जॉन जोन्स आणि त्याचा भागीदार अल्विन्झा हेवर्ड यांनी स्वस्तात भाग गोळा करून ठेवले होते.

याहून गंभीर बाब गिरण्यांची आहे. बँक ऑफ कॅलिफोर्नियाचा व्हर्जिनिया सिटीतील प्रतिनिधी विल्यम शॅरन याने खनिज दळणाऱ्या गिरण्यांना सढळ हाताने कर्जे दिली आणि ती थकताच एकेक गिरणी ताब्यात घेतली. 1869 मध्ये रेल्वेही याच मंडळींची झाली. खाणीचा कारभार आणि गिरणीची मालकी एकाच गटाकडे आल्यावर हलक्या प्रतीचा दगडही दळायला पाठवण्यात त्या गटाचा फायदाच होता: दळणाचा मोबदला गिरणीला मिळे, तूट भागधारकांच्या माथी येई. माझ्या मते या खाणींचा ‘तोटा’ समजून घ्यायचा असेल, तर खाणीच्या हिशेबाआधी गिरणीचा हिशेब पाहिला पाहिजे.

प्रश्न: वाळवंटातल्या खाणी पाण्याच्या टंचाईमुळे बंद पडल्या का?

उत्तर: कॉमस्टॉकपुरते बोलायचे, तर अडचण उलटी होती. पिण्याचे पाणी 1873 मध्ये सिएरा नेवाडा पर्वतातून नळाने आणावे लागले हे खरे. पण जमिनीखाली पाणी उदंड होते आणि तेही कढत. खोल खाणींत कामगारांसाठी बर्फ उतरवावा लागे आणि उपसा करणाऱ्या पंपांचा खर्च खोलीबरोबर वाढत जाई. हे पाणी काढून देण्यासाठी अडॉल्फ सुत्रो याने 1869 मध्ये बोगदा खणायला घेतला. तो 1878 मध्ये शिरेपर्यंत पोहोचला, तेव्हा खाणी त्याच्या पातळीच्या कितीतरी खाली गेल्या होत्या.

प्रश्न: ऱ्हायोलाइट गावात तर पोलादसम्राट चार्ल्स श्वाब याने पैसा घातला होता. तरीही ते का उठले?

उत्तर: श्वाबने 1906 मध्ये तेथील माँटगोमेरी शोशोन ही खाण विकत घेतली. तीन रेल्वेमार्ग आले, तीन मजली बँक उभी राहिली. पण हे सारे भांडवल अपेक्षेवर उभे होते. 1907 च्या मंदीत नवा पैसा आटला, सोन्याचा उतारा अंदाजापेक्षा कमी पडला आणि 1911 मध्ये खाण बंद झाली.

प्रश्न: भारतातील टांकसाळी बंद झाल्यामुळे अमेरिकेतील चांदीच्या खाणी बुडाल्या, हे खरे आहे काय?

उत्तर: यात बरेच तथ्य आहे. 26 जून 1893 पर्यंत मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या दिवशी सरकारने ही सोय बंद केली आणि चांदीचे एक मोठे गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसे झाले. औंसाला 80 सेंटच्या आसपास असलेला भाव काही दिवसांतच कोसळला. त्याच वर्षी अमेरिकन सरकारनेही आपली चांदीखरेदी थांबवली. तरीही नेवाड्याच्या ऱ्हासाचे सगळे खापर टांकसाळीवर फोडणे योग्य नाही. राज्याची लोकसंख्या 1880 मध्ये 62,266 होती, ती 1890 मध्येच 47,355 वर आली होती. कॉमस्टॉकचा चांगला साठा तोवर संपत आला होता.

पुढे व्यवहार उलट दिशेनेही झाला, याचा उल्लेख क्वचितच होतो. पहिल्या महायुद्धात भारतात नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली आणि सरकारला चांदी अपुरी पडू लागली. तेव्हा 1918 च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातील बहुतांश चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली. कायद्याचा कर्ता ‘की पिटमन’ (Key Pittman) हा नेवाड्याचा सिनेटर होता आणि पूर्वी टोनोपा या खाणगावात वकिली करत असे. वितळवलेल्या चांदीची भरपाई अमेरिकन खाणींकडूनच, औंसाला एक डॉलर या बांधील भावाने करावी, असे कलम त्यात होते. युद्धानंतर जागतिक भाव घसरला, तरी ही खरेदी 1923 पर्यंत चालू राहिली आणि तोवर टोनोपाच्या खाणींना सरकारी भावाचा आधार मिळाला.